गोऱ्यांना वाढलेलं पान

छावणीत मला खोली मिळाली तेव्हा घरमालकांनी एकच अट घातली होती. "पहाटं बिगुल वाजतो. तक्रार करायची नाय."

छावणी म्हटली की पलटण आली आणि पलटण आली की बिगुल आला. लांब कुठंतरी बराकीत वाजत असेल, असं समजून मी मान डोलावली आणि पैठणहून आणलेली वळकटी माडीवरच्या खोलीत टाकली. पोलीस ॲक्शन होऊन थोडीच वर्षं झाली होती, शाळामास्तराची माझी पहिली नोकरी होती आणि औरंगाबादेत एकट्या माणसाला जागा मिळत नव्हती. अटीबिटींचा विचार करायला कोण बसतो!

दुसऱ्या दिवशी पहाटे बिगुल वाजला तो बरोबर माझ्या अंथरुणाखाली. मी वर, त्यांची ओसरी खाली, मधे नुसत्या फळ्या. मला जाग आली तेव्हा मी उभाच होतो. खिडकीतून पाहिलं तर घरमालक अंगणात लंगोटावर, कवायतीला उभे असावेत तसे ताठ, गालांचे दोन टमाटे झालेले. शेजारी त्यांच्या पत्नी, काही घडतच नसल्यासारख्या, सडा टाकत होत्या. वाजवून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"उटले का मास्तर? शाबास."

सगळी गल्ली त्यांना जमादार म्हणायची. ते जमादार कधीच नव्हते. निजामाच्या फौजेत ते बिगुलवाले होते आणि बिगुलवाले म्हणूनच घरी आले. फौज मोडल्यावर त्यांनी स्वतःच स्वतःला बढती दिली. "फौज ऱ्हायली असती तर झालोच असतो की जमादार," ते म्हणत. "फौज गेली ह्यात माजा काय कसूर?" बिगुलही खरं तर सरकारजमा व्हायचा होता. तो यांच्याकडं कसा राहिला, असं मी एकदा विचारलं. "हुकूम तोंडी आला व्हता," ते म्हणाले. "तोंडी हुकमावर बिगुल जमा करीत नसतेत."

ते मूळचे कन्नडकडचे. घरची मेंढरं होती. लहानपणी मेंढरांमागं हिंडताना बासरी वाजवायचे, ती कुणा फौजेतल्या माणसानं ऐकली आणि फूक चांगली आहे म्हणून त्यांना बँडमध्ये नेलं. ती फूक शेवटपर्यंत टिकली. नळाला पाणी आलं की एक बिगुल, दूधवाला उशिरा आला की एक, मला खाली चहाला बोलवायचं तर एक. बायकोला त्यांनी जन्मात नावानं हाक मारली नाही. तिच्यासाठी तीन सुरांचा एक छोटासा तुकडा बसवलेला होता. एकदा कन्नडच्या आठवडी बाजारात ती दिसेना, तर यांनी चिवड्याच्या हातगाडीवर चढून तो तुकडा वाजवला. बाजार जागच्या जागी थांबला. मावशी (मी त्यांना मावशी म्हणत असे) डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून, पाटीतली भाजी सांडत आल्या. तेव्हापासून त्या बाजाराला एकट्या जात.

मावशी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात जेवढे अभंग तेवढ्याच शिव्या. माळ घातली त्या दिवशी त्यांनी जमादारांकडूनही वचन घेतलं होतं की मटण, अंडी सगळं बंद. जमादारांनी दिलं. मटणाचं दुःख नव्हतं, पण अंड्याचा विषय निघाला की ते आढ्याकडं बघत बसायचे.

पोलीस ॲक्शनमधली स्वतःची कामगिरी त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की ती आता मीच केली असावी असं मला वाटतं. हिंदुस्थानी फौज येतेय म्हणून खबर आली. यांच्या ठाण्यावरच्या साहेबानं ओळखलं की लढण्यात अर्थ नाही. त्यानं यांना हुकूम सोडला, हत्यारं खाली ठेवायचा बिगुल वाजव.

"आता आसा बिगुल आमाला कुणी शिकिवलाच नव्हता, मास्तर. शिकिवणाराला वाटलंच नसंल की लागंल म्हून. पण हुकूम तर हुकूम. मी इचार केला, शिपाई आपल्या खुशीनं बंदूक खाली ठिवून, दोनी हात मोकळे करून भायेर कवा येतो?"

"कधी?"

"जेवायला!"

तर यांनी जेवणाचा बिगुल वाजवला. सगळे शिपाई थाळ्या घेऊन पटांगणात रांगेत उभे राहिले. हिंदुस्थानी फौज आत शिरली तर समोर बंदूक एक नाही, नुसत्या थाळ्या. त्यांच्यातल्या एकानं म्हणे विचारलं, काय शिजलंय? काय शिजलं होतं ते दर खेपेला बदलायचं, कधी डाळ, कधी खिमा. पण एकही गोळी सुटली नाही, हे मात्र कायम असायचं. त्या दिवसापासून जेवणाच्या बिगुलावर त्यांची अशी काही श्रद्धा बसली की बाकीचे बिगुल त्यांच्या लेखी नुसता आरडाओरडा होते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तो खांब.

पडेगावच्या रस्त्याला छावणीत एक जुनं गोऱ्यांचं कब्रस्तान आहे. त्याच्या पार टोकाला, चिंचेच्या झाडाखाली काळ्या दगडाचा एक चौकोनी खांब होता. माथ्यावर क्रूस, पायाशी पायऱ्या आणि चारी बाजूंना नावं कोरलेली. निजामाच्या पदरी चाकरीला आलेले आणि पेन्शनीत निघाल्यावरही मायदेशी न गेलेले परदेशी शिपाई त्याखाली निजलेले होते. कोण आयर्लंडचा, कोण फ्रान्सचा, कोण कुठला. जमादारांच्या हिशेबी सगळे विलायतचे. तिकडं कुणी वाट बघणारं उरलं नाही आणि इथं कुणी आपलं झालं नाही, अशा त्या म्हाताऱ्यांनी हयातीतच आपल्या पैशानं तो खांब उभारून ठेवला होता. एकेक जण मरायचा, राहिलेले त्याचं नाव कोरून घ्यायचे.

त्यातला सगळ्यात शेवटचा म्हणजे जमादारांना बिगुल शिकवणारा उस्ताद. त्याचं नाव खांबावर कोरलेलं नव्हतं, कारण कोरून घ्यायला मागं कुणी राहिलंच नाही. मग जमादारांनी ते स्वतः पांढऱ्या तेलरंगानं लिहिलं. फौजेच्या शाळेत ते उर्दूच शिकले होते, म्हणून उर्दूत लिहिलं. पावसाळ्यात रंग उडायचा, दसऱ्याच्या आधी ते परत लिहायचे. विलायती माणूस, उर्दू अक्षर आणि लिहिणारा कन्नडचा धनगर! औरंगाबादेशिवाय दुसरीकडं हे कुठं जमणार नाही.

हा उस्ताद मरायला टेकला तेव्हा यांचा हात धरून म्हणाला होता, "हमारे पीछे इधर हमको कौन पूछेगा, बेटा?"

"मी म्हनलं, मै है ना साब," जमादार सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज बसायचा. एरवी त्या माणसाचा आवाज कशानंच बसत नसे. "जबान दिली, मास्तर. आता पूसायचं म्हंजे काय करायचं? आपल्याकडं गेलेल्या माणसाला पूसायची एकच रीत हाय."

ती रीत म्हणजे पितृपंधरवडा. गेलेल्यांच्या नावानं पान वाढून बाहेर ठेवायचं, कावळ्यानं शिवलं की पितर जेवले. ज्याची तिथी माहीत नाही त्याच्यासाठी शेवटची सर्वपित्री अमावास्या असतेच. जमादारांचं म्हणणं सरळ होतं. यांची तिथी कुणाला ठाऊक नाही, म्हणून अमावास्या. यांना पोरंबाळं नाहीत, म्हणून आपण.

पहिल्या वर्षी ते गुरुजींकडं गेले. गुरुजी म्हणाले, "नाव सांगा."

यांनी खांबावरची नावं ऐकवली. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"आणि गोत्र?"

"गोऱ्यांना कुठलं आलं गोत्र?"

"गोत्र माहीत नसेल तर काश्यप धरतात," गुरुजी म्हणाले आणि लगेच त्यांना आपण काय बोलून बसलो ते कळलं. पण तोवर उशीर झाला होता. त्या दिवसापासून छावणीतले झाडून सगळे गोरे काश्यपगोत्री झाले.

मी राहायला आलो त्या वर्षी या कारभारात मीही ओढला गेलो, तो अंड्यांपायी. गोऱ्यांना वरणभात चालायचा नाही, हे जमादारांनी कधीच ठरवून टाकलं होतं. पाव आणायचा, बिस्किटं आणायची. पण अंडं उकडल्याशिवाय गोऱ्याचं पान कसलं? मावशींनी चुलीसमोर उभं राहून सांगितलं, "माज्या घरात अंडं आलं तर मी पडेगावला भैनीकडं गेले म्हून समजा. तुमचे गोरे आन् तुमी बसा हितं." मग जमादार टोपीत अंडी लपवून, जिना न वाजवता माझ्या खोलीत आले. माझ्याकडं स्टोव्ह होता. माझ्या पैठणच्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी आई आंघोळ करायची, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"तुमी खाऊ नका ना," ते म्हणाले. "नुसतं उकडा."

अशी माझ्या खोलीत अंडी उकडू लागली. त्यासाठी एक वेगळं पातेलं आलं, त्याला आम्ही गोऱ्यांचं पातेलं म्हणत असू. खांबावर जेवढी नावं, त्याहून एक अंडं दरसाल जास्त असायचं. ते जमादार दार लावून, मीठ लावून, डोळे मिटून खायचे. "फौजेचा कायदा हाय," मिशी पुसत ते सांगायचे. "मेसमधलं खाणं आदी कुणीतरी चाकून बगायचं आसतं." मी शेजारी उभा राहून दुसरीकडं बघत असे.

मग ते आपला जुना खाकी कोट चढवायचे. त्याला बटणं होती तेवढी लावायचे, नव्हती तिथं मावशींच्या सेफ्टी पिना. आम्ही दोघं कब्रस्तानात जायचो. ते पायऱ्या झाडायचे, उस्तादाच्या नावावरची धूळ पुसून घ्यायचे, पान मांडायचे. चिंचेवर छावणीतले यच्चयावत कावळे येऊन बसलेले असायचे. त्या दिवशी त्यांना सगळीकडं मेजवानी असते, सवय असते. एखादा धीट कावळा पायरीपर्यंत उडी मारत यायचासुद्धा. आणि नेमके तेव्हाच जमादार टाचा जुळवायचे, बिगुल तोंडाला लावायचे आणि जेवणाचा बिगुल फुंकायचे.

कावळे जे उडायचे ते थेट मकबऱ्याच्या दिशेनं.

मग आम्ही पायरीवर बसून वाट बघायचो. तासभर, दोन तास. कावळा काही फिरकायचा नाही. शेवटी कुणाची तरी शेळी यायची आणि पाव खाऊन जायची. जमादार कोटाची बटणं काढत म्हणायचे, "औंदा बी नाराज हायती. पाव शिळा व्हता का, मास्तर?" पुढच्या वर्षी ते पाव बदलायचे. त्याच्या पुढच्या वर्षी बिस्किटं बदलली. एकदा जॅम आणला. एकदा आपल्या कोटात लपवून रमची चपटी बाटली आणली आणि पायरीवर थोडी ओतली, तर मुंग्या लागल्या. गोरे खूश होईनात. त्या माणसाला याचं खरोखर वाईट वाटायचं. सर्वपित्रीनंतर चार दिवस घरात बिगुल वाजत नसे. मावशी मुद्दाम दुधाचं भांडं आदळायच्या, तरी नाही.

"जबान दिलीया," एकदा अंधार पडल्यावर ओसरीवर बसून ते मला म्हणाले. "मी मरायच्या आदी त्यांनी एकडाव तरी घास घ्याया पायजे. न्हाय तर वर गेल्यावर उस्तादाला काय सांगू? पूसलं म्हून? कशावरनं पूसलं?"

कब्रस्तानात काहीतरी भलतं चाललंय ही खबर चर्चच्या पाद्रीसाहेबांपर्यंत पोचली. ते जालन्याकडचे, मराठीच माणूस. एका सर्वपित्रीला सायकलवरून तावातावानं आले. खांबापुढं पान, पानापुढं जमादार टाचा जुळवून, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन.

"जमादार, ही माणसं प्रभूकडं गेली आहेत," पाद्रीसाहेब म्हणाले. "त्यांना जेवणाची गरज नाही. तिथं कशाची कमतरता नाही."

जमादार विचारात पडले. देवाधर्माच्या माणसाला ते कधी उलटून बोलत नसत. मग म्हणाले, "बराबर हाय सायेब. तिथं मेस असंल, चांगलं बी असंल. पन इतक्या लांबून कुणी डबा धाडला तर वापस करतेत का?"

पाद्रीसाहेब हसले नाहीत, पण सायकल त्यांनी झाडाला टेकवली. पायरीवर आमच्याजवळ बसले. जाताना त्यांनी पानाकडं निरखून बघितलं आणि म्हणाले, "केक पाहिजे." पुढच्या वर्षापासून केक त्यांच्या घरून यायला लागला. तोही शेळीनंच खाल्ला.

शेवटी मी हिय्या केला. मास्तर माणूस, दिवसभर पोरांच्या चुका काढायच्या, आणि इथं डोळ्यांसमोर दरसाल एकच चूक होतेय ती सांगायची नाही, हे मला सहन होईना. एका सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "जमादार, रागावू नका. पाव, केक, अंडी सगळं ठीक आहे. तुम्ही बिगुल वाजवता म्हणून कावळे उडतात. यंदा वाजवू नका, लगेच शिवेल."

मला वाटलं, ते चमकतील. ते माझ्याकडं असे बघत राहिले की मलाच काही समजत नाही.

"म्हायती हाय की," ते म्हणाले.

"माहीत आहे? मग?"

"बिगुल नाय वाजिवला तर कावळा यील, मास्तर. पन ते कसे येतील? ती फौजी माणसं हायती. बिगुल झाल्याबिगर जेवाया उटत नसतेत. मंग नुस्ता कावळा घिऊन काय करू?"

तरी माझं बोलणं त्यांच्या डोक्यात राहिलं असावं, कारण त्या वर्षी त्यांनी तडजोड केली. मावशींची शाल बिगुलात कोंबली आणि अगदी हलक्या फुंकेनं वाजवला. त्यातून अडलेल्या म्हशीसारखा आवाज निघाला. दरसाल कावळे मकबऱ्यापर्यंत जाऊन तरी थांबत असत, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छावणीत कावळा दिसला नाही. मावशींच्या दारचं पानसुद्धा तसंच राहिलं. त्यावरून त्यांनी जे तोंड सोडलं ते ऐकून गोरे मायदेशी परत गेले नाहीत हेच नवल.

जमादार गेले ते उन्हाळ्याच्या तोंडाला, दोन दिवसांच्या तापात. शेवटच्या दिवशी पहाटे त्यांनी बिगुल मागितला, तोंडाला लावला, पण फूक निघाली नाही. मावशींनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि पदरानं पुसून खुंटीला टांगला. "ऱ्हाऊ द्या, उटलेत सगळे," त्या म्हणाल्या. जमादारांचा पुतण्या कन्नडहून आला. बिगुल त्यांच्याबरोबर चितेवर ठेवावा असं त्याला वाटत होतं. मावशी म्हणाल्या, "सरकारी हाय ते. जळायचं नाय." मला हसू आलं. अंगणात माणसं होती म्हणून मी वर माझ्या खोलीत गेलो आणि तिथं गोऱ्यांचं पातेलं समोर दिसल्यावर मला रडू आवरेना.

दहाव्याला आम्ही खाम नदीच्या काठी होतो. पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबायचं असतं. मरणाऱ्याचं काही मनात राहिलं असेल तर तो शिवत नाही, मग घरचे एकेक कबूल करायला लागतात. आम्ही सगळे तयारीनं आलो होतो. पुतण्या मनात काकूला सांभाळायचं वचन जुळवत होता. मी ठरवूनच आलो होतो की खांबाचं पान मी सांभाळीन म्हणून मोठ्यानं सांगायचं. गुरुजींनी पिंड ठेवला, मागं सरायला पाऊल उचललं, तेवढ्यात कावळा आला आणि घास घेऊन गेला. गुरुजींचं पाऊल अजून खाली टेकायचं होतं.

"पुण्यवान माणूस!" कुणीतरी म्हणालं. "काही इच्छा राहिली नाही."

एकट्या मावशी धुमसत होत्या. घरी येऊन ओसरीवर बसल्यावर त्यांचा बांध फुटला.

"काय ऱ्हायलं नाय? आन् त्यांचे गोरे? जलमभर त्या गोऱ्यांपायी जीव टाकला आन् आज कावळा झटक्यात शिवतो? ह्याचा अर्थ काय, मास्तर?"

"काय, मावशी?"

"धरूनच चालले ते! म्या करणार म्हून धरून चालले. एका शबुदानं इचारलं नाय मला!" आणि त्या डोळ्याला पदर लावून रडायला लागल्या. दहा दिवसांत त्या पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला सकाळी जिना वाजला. मावशी टोपलीत अंडी घेऊन वर आल्या. गळ्यातली माळ पदराआड झाकलेली. नाकाला पदर लावून त्या स्टोव्हसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "कितीक येळ ठिवायची ही घाण?" मी उकडतो म्हटलं तर ऐकेनात. गुरुजींनी त्यांना बजावलं होतं की वर्ष व्हायच्या आत जमादारांचं पान वाढायचं नाही. "त्यांचं कुठं वाढतेय मी?" मावशी मला म्हणाल्या. "गोऱ्यांचं वाढतेय. त्यात हे जाऊन बसले तर मी काय करू?" आणि पावाच्या, केकच्या, बिस्किटांच्या कडेला त्यांनी एक पुरणपोळी ठेवली. जमादारांना पुरणपोळी फार आवडायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

खांबाजवळ आम्ही पान मांडलं आणि मागं सरलो. मागं सरतो न सरतो तोच चिंचेवरचे कावळे खाली आले. एक, दोन, पाठोपाठ सगळे. पावावर, केकवर चोची पडल्या. इतकी वर्षं ज्याची वाट बघत त्या पायरीवर बसलो ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं होतं. मी ओरडलोच, "मावशी, शिवला! गोरे जेवले!"

मावशींचा चेहरा काही उजळला नाही. त्यांनी पिशवीत हात घातला.

"हाकला त्यांना."

"अहो पण, मावशी..."

"हाकला म्हंते ना! बिगुल झाला नाय अजून."

मी छत्रीनं कावळे हाकलले. मावशींनी पिशवीतून बिगुल काढून माझ्या हातात दिला. मी जीव खाऊन फुंकला. त्यातून थुंकी आणि वारा सोडून काही निघालं नाही. "शिकलेलं माणूस," मावशी म्हणाल्या, "द्या हिकडं." त्यांनी बिगुल पदरानं पुसला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तोंडाला लावला. कुठल्याही फौजेत तो सूर बसला नसता. पण आवाज मोठा होता, आणि सगळे कावळे झाड सोडून मकबऱ्याच्या दिशेनं गेले.

सगळे म्हणजे, एक सोडून. तो वर क्रूसावर बसून राहिला. म्हातारा असेल, बहिरा असेल, मी मास्तर माणूस, मी दुसरं काय म्हणणार? तो पायरीवर उतरला. ताठ मानेनं एकेक पायरी चालत पानापर्यंत आला. पुरणपोळीजवळ थांबला, तिच्याकडं बघितलं, तिला वळसा घालून पुढं गेला आणि त्यानं अंडं उचललं.

मावशी सावकाश माझ्याकडं वळल्या.

"खरं सांगा मास्तर. वर बसून खात व्हते का नाय?"

त्या जागी, त्या कावळ्यासमोर खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. "व्हय," मी म्हटलं. "दरसाल एक."

"मला वास यायचा," मावशी म्हणाल्या. "मिशीला."

त्यांनी पदर तोंडाशी धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळेना, त्यांनाही कळत नसावं. कावळा अंडं चोचीत धरून आमच्याकडं बघत होता, उडावं की थांबावं अशा पेचात.

"बसा, सावकास खावा," मावशी त्याला म्हणाल्या. "मी काय बोलत नाय."